दोनच्या मापाची बांगडी

त्या सकाळी सुकुमार कासारनं दोन टन वितळलेलं लोखंड सरळ जमिनीवर ओतलं आणि कुणाला साधा चटकाही बसला नाही. लोखंड खोटं होतं, जमीन खोटी होती, खाली उभी असलेली माणसंही खोटी. खरी होती ती एकटी सुकुमारची फजिती.

“काका, मोल्ड उजवीकडे होता,” ट्रेनिंग देणाऱ्या देवयानी मॅडम म्हणाल्या.

“कुठला मोल्ड?” सुकुमारनं विचारलं.

मागं रांगेत बसलेले दहा क्रेनवाले खो-खो हसले.

सुकुमार सत्तेचाळीस वर्षांचा. त्यातली बावीस वर्षं त्यानं कागलजवळच्या एका लोखंड ओतणाऱ्या फाउंड्रीत क्रेन चालवण्यात घालवली होती. क्रेनची केबिन छपराला लटकलेली, जमिनीपासून चाळीस फुटांवर, आणि खाली भट्ट्या. एप्रिल-मेमध्ये त्या केबिनच्या पत्र्यावर पापड भाजून निघाला असता. भट्टीतलं लोखंड एका दांडग्या बादलीत घ्यायचं, तिला लाडल म्हणतात. ती हुकाला लटकवून न्यायची, वाळूच्या साच्याच्या, म्हणजे मोल्डच्या, तोंडावर धरायची आणि ओतायची. साच्याचं तोंड वीतभर. आजूबाजूला माणसं उभी असतात, लोखंडावरची मळी बाजूला करत, हात हलवून वरच्याला खुणा करत. धार चुकली तर ती माणसं पळतात. पळता आलं तर.

आता ती केबिनच उतरवायची ठरली होती. कागलच्या स्टँडवर बिनड्रायव्हरच्या गाड्या यायला लागून दोन वर्षं झाली होती, मग क्रेननं काय पाप केलं होतं? क्रेनवाल्यानं खाली एका थंड खोलीत खुर्चीवर बसायचं आणि डोळ्यांवर हेडसेट चढवायचा. क्रेनला लावलेल्या कॅमेऱ्यांतून त्याला सगळं असं दिसणार, की जणू तो स्वतःच हुकाला लटकलाय. शिकताना मात्र आत दिसायचं ते सगळं बनवलेलं, खोटं चित्र. पायाखाली एक पेडल. हेडसेटच्या आत मुगाएवढे दोन कॅमेरे, डोळ्यांना न दिसणारा उजेड टाकून बुबुळं कुठं वळली ते बघत राहणारे. साच्याच्या तोंडाकडं बघायचं, पेडल दाबायचं, लाडल तिथं जाऊन थांबणार. नजर जिथं, हूक तिथं. माणसांनी त्या हेडसेटचं बारसं पहिल्याच दिवशी करून टाकलं: झापड. घाण्याच्या बैलाला बांधतात ती.

यंत्र चांगलं होतं, हे आधीच सांगितलेलं बरं. खालच्या माणसांनी आता साच्यापासून वीस पावलं लांब उभं राहायचं होतं आणि क्रेनवाल्यानं उन्हाळ्यात माणसासारखं जगायचं होतं. नासवलं ते भिंतीवर चिकटवलेल्या एका ओळीनं: ‘चष्मा काढून ठेवावा.’

अकरातल्या नऊ जणांना चष्मा होता. काढला तर सुकुमारला झापडीच्या आत काय दिसायचं? केशरी धुकं. त्यात काळपट डाग. त्यातला साचा कुठला आणि माणूस कुठला, हे देवाला विचारावं.

“मॅडम, चष्म्याबिगर दिसत न्हाई मला.”

“काका, तुम्हाला मायनसचा नंबर आहे ना? म्हणजे लांबचं दिसत नाही, जवळचं दिसतं. बरोबर?”

“व्हय.”

“मग? स्क्रीन तुमच्या डोळ्यांपासून दोन इंचांवर आहे. याहून जवळ काय असतं?” देवयानी मॅडम सत्तावीस वर्षांच्या, पुण्याहून आलेल्या. मनानं वाईट नव्हत्या. पण वाईट नसलेली माणसं शांतपणे चूक बोलतात तेव्हा समोरचा स्वतःवरच शंका घेतो. सुकुमारनंही घेतली. दोन इंचांवरचं दिसत नसेल तर दोष आपलाच, असं त्याला वाटायला लागलं.

दुसऱ्या फेरीला त्यानं हळूच चष्म्यावरूनच झापड चढवली. फ्रेम कानाच्या मुळात घुसली, काच आतल्या भिंगावर घासली, आणि समोर तांबडी अक्षरं उमटली: ‘नजर सापडत नाही.’ चष्म्याच्या काचेवरून तो न दिसणारा उजेड परत फिरत होता आणि आतले कॅमेरे बुबुळाऐवजी काचेची चकाकी बघत बसले होते. मॅडमनी झापड काढून भिंगावरचा ओरखडा बघितला. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढला.

“पुढच्या शनिवारी शेवटची ट्रायल. नाही जमलं तर मी काही करू शकत नाही, काका.”

न जमणाऱ्याचं काय होणार, हे सगळ्यांना ठाऊक होतं. फेटलिंग. ओतलेल्या मालाच्या कडा दिवसभर ग्राइंडरनं घासत उभं राहायचं. बावीस वर्षं सगळ्यांच्या डोक्यावरून फिरलेल्या माणसानं खाली येऊन धूळ खायची.

असली यंत्रं कोण बनवतं? ज्यांचे डोळे धड आहेत ते, नाहीतर ज्यांनी लेझरनं धड करून घेतलेत ते. आपल्या डोळ्याला दिसलं म्हणजे जगाला दिसलं, असं समजून ही मंडळी मोकळी होतात. अर्धं जग चष्मा लावून फिरतंय, पण यंत्र बनवताना नाकावरचा चष्मा कुणाला दिसत नाही.

*

सुकुमारच्या घरात क्रेनच्या आधीपासून बांगडी होती. कासार म्हटल्यावर ते आलंच. बाजारपेठेतलं दुकान त्याची बायको त्रिशला चालवायची. गिऱ्हाइकाचा हात हातात घेऊन अंगठ्याच्या सांध्यापाशी एकदा दाबलं, की तिला माप कळायचं. सव्वादोन. अडीच. पट्टी तिनं उभ्या जन्मात धरली नव्हती.

“जुबेदाकडं जावा,” जेवताना ती म्हणाली. “फाउंड्रीतल्या मॅडमला इंजिन कळत असंल. डोळा जुबेदाला कळतो.”

“नको तिच्याकडं.”

“का वो? तिनं काय घोडं मारलंय तुमचं?”

काही मारलं नव्हतं. तेरा वर्षं सुकुमार जुबेदाच्या चष्म्याच्या दुकानासमोरनं रस्ता बदलून जात होता, त्याचं कारण निराळं होतं. फाउंड्रीत नियम होता: नंबर सहाच्या वर गेला की माणूस क्रेनवरून खाली. दर वर्षी डोळे तपासायला कुणीतरी यायचा. दोन तासांत तीनशे माणसं, आणि भिंतीवर तोच तो तक्ता, कोपरे फाटलेला, तेरा वर्षांत एकदाही न बदललेला. क्रेनवाल्यांनी त्याच्या ओळी पाठ करून टाकल्या होत्या. नवीन माणूस क्रेनवर चढला, की जुना त्याला ब्रेकच्या आधी तक्ता शिकवायचा. सुकुमारच्या फाईलमध्ये दर वर्षी एकच आकडा: पावणेपाच. चष्माही पावणेपाचचाच. त्याच्यापलीकडं आपल्याला काय काय दिसत नाही, हे त्यानं कधी कुणाला मोजू दिलं नव्हतं.

पण फेटलिंगच्या भीतीपुढं ती भीती हरली. गेला.

जुबेदा मुल्ला मिरजेला शिकून आलेली. दुकान छोटं, पण काच घासायचं मशीन स्वतःचं. तिनं सुकुमारचं सगळं ऐकून घेतलं आणि आधी पोटभर हसून घेतलं.

“दादा, केस कापायला जाता तेव्हा चष्मा काढता का न्हाई?”

“काढतो की.”

“आरसा किती लांब असतो?”

“हाताच्या अंतरावर.”

“मग त्या आरशात, तुमच्या पाठीमागच्या भिंतीवरचं कॅलेंडर वाचता येतंय?”

सुकुमार विचारात पडला. “न्हाई. धुरकट दिसतंय.”

“का? आरसा तर जवळ हाय!” जुबेदानं खणातून एक भिंग काढलं आणि मोबाईलच्या पडद्यावर धरलं. “झापडीत हेच असतंय. पडदा दोन इंचांवर, ते खरं. पण दोन इंचांवरचं काहीच नीट बघता येत न्हाई, चांगल्या डोळ्यालाबी न्हाई. म्हणून मधी जाड भिंग घालत्यात. ते भिंग उजेडाच्या किरणांना असं वळवतंय, की ते दोन मीटर लांबून आल्यासारखे डोळ्यात शिरावेत. डोळ्याला पट्टी कळत न्हाई, दादा. त्याला किरण कळत्यात. किरण म्हणले दोन मीटर, की दोन मीटर.”

“म्हंजे मला दिसत न्हवतं, ते बरोबर हुतं?”

“शंभर टक्के बरोबर हुतं. तुमच्या मॅडमचं गणित चुकलंय.”

सुकुमारला एवढं बरं वाटलं, की तपासणीच्या खुर्चीत तो स्वतः होऊन बसला. आणि तिथंच सापडला. जुबेदानं समोर लावला तो तक्ता वेगळा होता. यातल्या ओळी त्याला पाठ नव्हत्या.

काचा बदलत बदलत ती थांबली. “साडेसहा. आणि घालताय पावणेपाच. या वयात नंबर असा पळत न्हाई. हा जुनाच हाय. किती वर्षं तक्ता पाठ म्हणताय?”

तो चष्मा पुसायला लागला. तिनं पुढं विचारलं नाही. पण ती पुढं जे पुटपुटली ते तिच्यापुरतं होतं तरी त्याच्या काळजात रुतलं. “चाळीस फुटांवरनं म्हंजे माणूस काठीएवढा दिसत असंल. पाय तर दिसतच नसतील.”

पाय. सहा वर्षांपूर्वी लोखंडाचा एक गोळा साच्याच्या कडेवर आपटून उडाला आणि भूपालच्या डाव्या बुटात शिरला. भूपाल म्हणजे त्रिशलाचा धाकटा भाऊ, मळी काढणारा. पायाची करंगळी गेली. क्रेनचा दोर हिसकला, असं सगळ्यांनी ठरवलं, कागदावरही तसंच लिहिलं. दोर हिसकला नव्हता. सुकुमारनं ज्याला साच्याचं तोंड समजून धार धरली, ते तोंड नव्हतं. तोंडाची सावली होती. हे फक्त त्याला माहीत होतं. भूपाल अजून किंचित डावीकडं कलून चालतो आणि अजून त्याला “दाजी, दाजी” करतो.

“काचा करून देते,” जुबेदा म्हणाली. “झापडीतलं चित्र दोन मीटरवर, त्याचा अर्धा नंबर वजा. साडेसहातनं अर्धा गेला, सहा. वाचायचा नंबरबी लागलाय तुम्हाला, पण तो यात घालायचा न्हाई. पडदा जवळ म्हणून लोक तो घालत्यात आणि परत आंधळे हुत्यात. काच जरा तिरकी बसवते, म्हंजे चकाकी कॅमेऱ्यात जायची न्हाई. पण बसवू कशात? गोल कडी पाहिजे, झापडीच्या भिंगावर घट्ट बसणारी. असली कडी काय बाजारात मिळत न्हाई.”

सुकुमार घरी आला. साडेसहाचा आकडा त्यानं सांगितला नाही. कडीचं मात्र सांगितलं. त्रिशलानं हात पुसले.

“मिळत न्हाई? अहो, ढिगानं पडल्यात की घरात!”

*

दुसऱ्या दिवशी सुकुमारच्या डब्याच्या पिशवीत बांगड्यांचा जुडगा होता, प्रत्येक मापाची एक. जेवणाच्या सुट्टीत तो ट्रेनिंगच्या खोलीत शिरला आणि झापडीच्या भिंगावर एकेक बसवून बघायला लागला. तेवढ्यात दारात रावसाहेब चौगुले, सगळ्यात जुना क्रेनवाला, डबा हातात घेऊन उभा.

“अरं बघा रं, सुक्यानं बांगड्या भरल्या!”

झालं. पाच-सहा जण गोळा. कुणी म्हणालं हळदी-कुंकवाला बोलव, कुणी म्हणालं हिरव्या घे, हिरव्या शोभतील. सुकुमारनं मान वर केली नाही.

“माझ्या घरात तीन पिढ्या बांगडीवर चूल पेटलीय, रावसाहेब. तुझ्या बायकोचं माप अडीच हाय. तुला तरी ठावं हाय काय?”

हशा फिरला आणि रावसाहेबावर जाऊन पडला.

दोनच्या मापाची बांगडी भिंगाच्या कडेवर टक्क करून बसली. आठ-नऊ वर्षांच्या पोरीच्या हाताचं माप. पहिली जी होती तिला चमकी होती. झापड चालू केल्यावर आतल्या कॅमेऱ्यांना दोनाच्या जागी पन्नास बुबुळं दिसली आणि समोरचा खोटा हूक वरातीपुढच्या पोरासारखा नाचायला लागला. त्रिशलानं मग बिनचमकीच्या, काळ्या, साध्या प्लॅस्टिकच्या दोन निवडल्या. जुबेदानं बांगडीच्या आतून खाच पाडली, काच गोल घासून त्यात दाबून बसवली. डाव्यावर पांढरा ठिपका, उजव्यावर लाल, म्हणजे अदलाबदल नको. दोन डोळ्यांमधलं अंतरही तिनं मोजून दिलं. “हे झापडीत आधी लावा. मधलं अंतर चुकलं तर डोकं दुखंल, आणि मग म्हणाल जुबेदानं काच वाईट दिली.”

*

शनिवारी खोलीत क्रेनवाल्यांखेरीज खालची माणसंही येऊन उभी राहिली. त्या फाउंड्रीत रीतच होती: क्रेनवर नवा माणूस बसायचा असेल तर ज्यांचे पाय खाली असतात त्यांनी त्याचा हात आधी बघायचा. सुकुमार जुना होता, पण क्रेन नवी होती. भूपाल पहिल्या ओळीत, कलून उभा.

“दाजी, बांगड्या वाजवू नका फकस्त,” तो म्हणाला. सगळे हसले.

सुकुमारनं झापड चढवली.

आणि साच्याचं तोंड दिसलं. तोंडाची कड दिसली. कडेवरच्या वाळूचे कण दिसले. मळी काढणाऱ्या खोट्या माणसाच्या बुटाची नाडी दिसली, सुटलेली. बावीस वर्षं त्या शेडच्या छपराला लटकून त्यानं हे कधी बघितलंच नव्हतं. त्याला वाटत होतं, वरून जग असंच दिसतं. पुसट.

त्यानं तोंडाकडं बघितलं, पेडल दाबलं. लाडल गेली, थांबली, वाकली. धार मधोमध. दुसरा साचा. तिसरा. बारावा. कडेवर थेंब नाही.

मागं कुणीतरी शिट्टी मारली. मॅडम त्यांच्या पडद्याकडं बघत होत्या, तिथं नजरेची रेघ उमटायची. बाकीच्यांची रेघ कोंबडीनं उकरल्यासारखी. सुकुमारची दोरी ओढल्यासारखी.

“काका, हे कसं केलंत?”

त्यानं झापड उलटी करून बांगड्या दाखवल्या. जुबेदाचा आरसा सांगितला, कॅलेंडर सांगितलं. मॅडम ऐकत राहिल्या. मग त्यांचा चेहरा उतरला, आणि हे त्यांच्या बाजूनं नोंदवायलाच हवं, की त्या सगळ्यांसमोर म्हणाल्या, “चूक माझी होती. मला हे कळायला हवं होतं. माझं ऑपरेशन झालंय, त्यामुळे मी चष्म्यासकट कधी वापरून बघितलंच नाही.” त्यांनी बांगडी हातात घेतली. “या काचा किती नंबरच्या?”

“सहा.”

“फाईलमध्ये पावणेपाच आहे. ठीक आहे, थोडा वाढला असेल. सहापर्यंत नियमात बसतं. तुम्ही पास.” त्या खुशीत होत्या. “आणि बाकीच्या आठ जणांच्या काचा मी आजच मागवते. नंबर काय, सगळ्यांचे फाईलमध्ये आहेतच.”

मागच्या आठ माना एकदम खाली गेल्या. त्या का गेल्या, ते एकट्या मॅडमना कळलं नाही.

सुकुमारची खुर्ची पक्की झाली होती. फक्त तोंड मिटून राहायचं होतं. बांगडीतली काच सहा, नियम सहा. वजा केलेला अर्धा नंबर जुबेदाला आणि त्याला सोडून कुणालाच ठाऊक नव्हता. त्यानं रावसाहेबाकडं बघितलं. रावसाहेब भिंतीकडं बघत होता. फाईलमधले आठही आकडे खोटे होते. त्या आकड्यांच्या काचा येणार, आठ जण धुकं बघत पेडल दाबणार, आणि आता नजर जिथं, हूक तिथं. वीस पावलं लांब उभं राहिलेल्या माणसाकडं चुकून बघितलं, तर लाडल तिथंही जाणार.

त्यानं भूपालच्या पायांकडं बघितलं. चष्मा घातलेला नव्हता, तरी डावा बूट कुठला ते त्याला कळलं.

“मॅडम, फाईल खोटी हाय.”

“म्हणजे?”

“माझा नंबर साडेसहा. झापडीसाठी अर्धा कमी केलाय. तेरा वर्षं मी तक्ता पाठ म्हणतोय. नियमानं मी कवाच खाली यायला पाहिजे हुतो.” तो थांबला. एकदा सुरू झालेलं मध्येच ठेवता येत नाही, धारेसारखंच. “आणि भूपाल, त्या दिवशी दोर हिसकला न्हवता. मला तोंड दिसलं न्हवतं.”

भूपालनं एकदा दाजीकडं बघितलं, एकदा स्वतःच्या बुटाकडं. आणि कलत कलत दाराबाहेर निघून गेला.

“पाठ?” मॅडम म्हणाल्या. “अख्खा तक्ता?”

“र, ग, प, ल, व...” सुकुमार खालच्या मानेनं म्हणाला.

“...न, ठ, म,” मागून आवाज आला. रावसाहेब चौगुले उभा राहिला होता. साठीला आलेला माणूस, पाढे म्हणणाऱ्या पोरासारखा हात पाठीमागं बांधून. “त्याच्या खालची क, ट, र, स. मीच शिकवलाय त्याला. मलाबी लिहा.”

मग तिसरा उठला. चौथा. शेवटच्या ओळीला नऊच्या नऊ जण एका सुरात होते.

*

मॅनेजर संध्याकाळपर्यंत ओरडत होता. सगळ्यांना काढतो म्हणाला. काढून क्रेन कोण चालवणार, हे त्याला कुणीतरी शांतपणे विचारलं. मग त्यानं तक्ता लावणाऱ्याला शिव्या घातल्या. तेरा वर्षांपूर्वीच घालायला हव्या होत्या. तीनशे माणसांचे डोळे दोन तासांत उरकायचे आणि वर माणसं खोटी बोलतात म्हणून बोंब मारायची! खरं बोललं तर पोट जातं, असा नियम करणारा खोटेपणाचा अर्धा मालक असतो. हे मॅनेजरला कुणी बोललं नाही. पण आठवड्याभरात जुबेदा नवा तक्ता घेऊन फाउंड्रीत आली आणि एकेकाला वीस-वीस मिनिटं घेऊन बसली. सहाचा नियम मॅडमनी स्वतः लिहून रद्द करवला: झापडीत काच बरोबर असेल तर नंबर कितीही असो. सुकुमारला लेखी ताकीद आणि तीन आठवडे फेटलिंग. त्यानं ते धूळ खात, मुकाट्यानं केलं. त्याला ते कमीच वाटलं.

घरी फेटलिंगपेक्षा अवघड होतं.

“सहा महिने मी त्याचा पाय शेकलाय,” त्रिशला म्हणाली. “तुमच्यासमोर बसून. तुम्ही पाणी गरम करून देत हुता.” एवढंच. दोन दिवस ती बोलली नाही. तिसऱ्या दिवशी दुकानात खाली बसून काळ्या बांगड्या निवडायला लागली, सोळा नग, आठ जोड्या. तो शेजारी जाऊन बसला आणि चमकीच्या बाजूला काढायला लागला. तिनं काढू दिल्या.

“भूपाल ईना जेवायला,” तो म्हणाला.

“यील. न्हाई आला तर तुम्ही जावा.”

दोनदा गेला. दोन्ही वेळेला भूपाल घरी नव्हता, म्हणजे घरात होता.

बाविसाव्या दिवशी सुकुमार थंड खोलीत आपल्या खुर्चीवर बसला. खरी क्रेन, खरं लोखंड. खाली वीस पावलांवर माणसं. त्यानं सकाळपासून चौदा साचे ओतले, कडेवर ओघळ नाही. मधल्या सुट्टीत झापड काढली तर समोर भूपाल, घामेजलेला, डोक्याला फडकं.

“बघू दे की जरा,” तो म्हणाला. दाजी म्हणाला नाही.

“काय?”

“वरनं मी कसा दिसतोय ते.”

सुकुमार उठला. भूपाल खुर्चीत बसला, झापड चढवली. बांगड्या आतच होत्या. सुकुमार त्या काढायला पुढं झाला, कारण सहाच्या काचेतून धड डोळ्याच्या माणसाला काहीच दिसत नाही. भूपालनं त्याचा हात बाजूला केला.

“ऱ्हाऊ दे. असंच बघतो.”

तो बराच वेळ बघत राहिला. मान डावीकडं, उजवीकडं, खाली. भट्टी असेल तिथं केशरी धुकं. साचे असतील तिथं काळपट डाग. आपले सोबती उभे असतील तिथं तसलेच, जरा उभट. त्याचा हात आपोआप डाव्या गुडघ्यावरून खाली गेला आणि बुटापाशी थांबला.

“असलं दिसत हुतं तुला?”

“एवढं न्हाई. पण बरंचसं.”

“सहा वर्षांमागं?”

“व्हय.”

भूपालनं झापड काढली. डोळ्यात पाणी होतं. ते काचेनं आलं की कशानं, विचारायची सुकुमारची छाती झाली नाही. मग भूपालचे खांदे हलायला लागले. हसत होता. तो हसतोय याची खात्री पटायला सुकुमारला दोन क्षण लागले.

“मर्दा दाजी, एवढ्या धुक्यात माझी करंगळीच बरोबर कशी काय सापडली तुला?”